मराठी ख्रिस्ती साधना

मराठी ख्रिस्ती साधना म्हणजे मराठी भाषक ख्रिस्ती समाजात वैयक्तिक, कौटुंबिक आणि सामुदायिक पातळीवर आचरल्या जाणाऱ्या पारंपरिक आध्यात्मिक आचारांचा समूह होय. नित्य प्रार्थना, शास्त्रवाचन व मनन, मौन, उपवास, आत्मपरीक्षण, जपमाळ, क्रूसाची वाट, भजन आणि कीर्तन ही तिची प्रमुख अंगे आहेत. यांपैकी बहुतेक आचार जागतिक ख्रिस्ती मंडळीच्या वारशातून आले. ओवीबद्ध पुराणवाचन, भजन, कीर्तन व आश्रमजीवन ही रूपे मात्र महाराष्ट्र आणि गोवा या भूमीत घडली. या साधनांपैकी अनेकांना चर्चची इमारत किंवा धर्मगुरूंची नित्य उपस्थिती लागत नाही. त्यामुळे नांदेड व लातूर यांसारख्या, ख्रिस्ती वस्ती विरळ असलेल्या मराठवाड्यातील जिल्ह्यांत त्यांना विशेष महत्त्व प्राप्त होते.

संज्ञा व संकल्पना

'साधना' हा शब्द मराठीत योग, भक्ती आणि संगीत या तिन्ही क्षेत्रांत रूढ आहे. ख्रिस्ती लेखनात तो वापरताना एक मर्यादा पाळली जाते. ख्रिस्ती शिकवणीनुसार तारण ही देवाची कृपा आहे. ते मानवी प्रयत्नांनी मिळवता येत नाही. म्हणून प्रार्थना, उपवास किंवा मौन ही तारणाची किंमत मानली जात नाहीत. मिळालेल्या कृपेला मन मोकळे ठेवण्याची ती साधने आहेत, असा अर्थ सर्वसाधारणपणे घेतला जातो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हा भेद विशेष आग्रहाने सांगितला जातो आणि तेथे 'भक्ती' व 'उपासना' हे शब्द अधिक वापरले जातात. कॅथलिक लेखनात 'साधना', 'ध्यान' आणि 'चिंतन' हे शब्द मोकळेपणाने आढळतात.

जागतिक पार्श्वभूमी

ख्रिस्ती साधनेची मुळे यहुदी परंपरेतील नियत वेळच्या प्रार्थना आणि स्तोत्रगायन यांत आहेत. बायबलमधील स्तोत्रसंहितेची १५० स्तोत्रे ही या परंपरेची मूळ प्रार्थनापोथी होय. तिसऱ्या व चौथ्या शतकांत इजिप्तच्या वाळवंटात संत अंतोनी यांच्यासारखे विरक्त एकांतात राहू लागले. मौन, श्रम, उपवास आणि अखंड नामस्मरण हे त्यांच्या जीवनाचे आधार होते. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहून प्रार्थना, वाचन व शरीरश्रम यांची दिवसभरात विभागणी केली.

बाराव्या शतकात दुसरे ग्विगो या कार्थुसियन मठाधिपतींनी शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द अवलोकन. मराठी वाचकाला येथे वेदान्तातील श्रवण, मनन व निदिध्यासन या क्रमाची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र दोहोंची तात्त्विक भूमिका वेगळी आहे. सोळाव्या शतकात येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांनी सुमारे तीस दिवसांच्या एकांतसाधनेचा क्रम लिहून काढला. दैनंदिन आत्मपरीक्षणाची जी पद्धत आज प्रचलित आहे, ती मुख्यतः त्यांच्या शिकवणीतून आलेली आहे.

मराठी परंपरेचा इतिहास

पुराणवाचन

मराठी ख्रिस्ती साधनेचा आरंभीचा मोठा ग्रंथ 'क्रिस्तपुराण' हा होय. त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी प्रामुख्याने साष्टी भागात काम केले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे त्यांच्यापासून दूर झाली होती आणि त्यांच्या जागी वाचायला काहीच नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी स्टीफन्स यांनी बायबलमधील कथा ओवी छंदात रचली. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. तो एकट्याने मुकाट्याने वाचण्यासाठी नव्हता. एकाने म्हणावा आणि इतरांनी ऐकावा, अशीच त्याची योजना होती.

१६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने गोव्यातील स्थानिक भाषांच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. तरीही क्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती टिकून राहिल्या आणि मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांत त्याचे वाचन चालू राहिले. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथून त्याची नवी आवृत्ती काढली. एखादा आचार घराघरांत रुजला की राजाज्ञेनंतरही तो टिकू शकतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

भजन व कीर्तन

एकोणिसाव्या शतकात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे मराठी प्रॉटेस्टंट समाजाचे प्रमुख केंद्र बनले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक तेथे १८४२ मध्ये सुरू झाले. परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते खेड्यांतील श्रोत्यांच्या जिभेवर सहज रुळत नव्हती. कृष्णराव सांगळे आदी एतद्देशीय कवींनी मराठी वृत्तांत आणि देशी चालींत पदे रचली. १८६० च्या दशकापासून ख्रिस्ती कीर्तनही होऊ लागले.

या प्रवाहाला सर्वांत मोठे बळ रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती आणि त्यांच्या अभंगरचनेत ती स्पष्ट दिसते. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून त्यांनी 'देवाचा दरबार' ही चळवळ सुरू केली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त यांचे बंधुत्व निर्माण व्हावे, हा तिचा हेतू होता. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी पुढे नेले.

प्रार्थना-चळवळ

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी दौंडजवळील केडगाव येथे वसवलेल्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये प्रार्थनेचे मोठे जागरण घडले. त्याच्या केंद्रस्थानी पाळक किंवा परदेशी प्रचारक नव्हते. दुष्काळातून व वैधव्यातून आलेल्या मुली आणि स्त्रिया होत्या. सामान्य स्त्रीला वाचता येईल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे काम रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत पूर्ण केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आश्रम व ध्यान

१९२२ मध्ये अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला. पुढे त्याचा आश्रम पुण्यात उभा राहिला. भारतीय व युरोपीय सभासदांनी एकत्र राहावे, साधे भोजन घ्यावे, नियत वेळी प्रार्थना करावी आणि सेवा करावी, असा तेथील क्रम होता. या संघात असताना व्हेरियर एल्विन यांनी ख्रिस्ती ध्यान या विषयावर १९३० मध्ये पुस्तक लिहिले. १९७० च्या दशकात पुण्यातील याच परंपरेला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाच्या रूपाने नवे जीवन मिळाले. अँग्लिकन व कॅथलिक भगिनींनी तेथे एकत्र वास्तव्य केले.

मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनी पुण्यात आणि नंतर लोणावळ्यात 'साधना' संस्थेतून ध्यानाचे प्रशिक्षण दिले. श्वासाकडे व शरीरातील संवेदनांकडे लक्ष देण्यापासून आरंभ करून प्रार्थनेकडे वळणे, ही त्यांची पद्धत जगभर पोहोचली.

प्रमुख साधना व त्यांची पद्धत

नित्य प्रार्थना: सकाळी आणि सायंकाळी ठरलेल्या वेळी एक स्तोत्र, एक शास्त्रपाठ, प्रभूची प्रार्थना आणि इतरांसाठी विनंती असा तिचा साधा क्रम असतो. अँग्लिकन परंपरेत १५० स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-सायंकाळ अशी वाटून दिलेली आहेत. कौटुंबिक प्रार्थनेत वाचन मुलांकडे व आरंभीचे गीत वडीलधाऱ्यांकडे सोपवता येते.

शास्त्रमनन: बायबलमधील लहानसा उतारा सावकाश, शक्यतो मोठ्याने वाचला जातो. मनाला भिडलेल्या एखाद्या शब्दावर थांबून तो पुन्हा पुन्हा उच्चारला जातो. त्यातून प्रार्थना उमलते आणि शेवटी शब्द थांबून साधक शांत राहतो. दिवसाला किती अध्याय वाचले, याला येथे महत्त्व नसते.

आत्मपरीक्षण: झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटांत करता येणारी ही साधना पाच टप्प्यांची आहे. दिवसाबद्दल कृतज्ञता, सत्य दिसावे म्हणून प्रार्थना, सकाळपासूनच्या घटनांचे अवलोकन, चुकांबद्दल क्षमायाचना आणि उद्यासाठी संकल्प असे ते टप्पे होत. केवळ दोष मोजणे हा तिचा उद्देश नाही. दिवसात देवाची चाहूल कोठे लागली, हेही पाहावयाचे असते.

जपमाळ: ही मुख्यतः कॅथलिक साधना आहे. दहा-दहा मण्यांच्या पाच गटांवर मरियेची प्रार्थना म्हणत ख्रिस्तजीवनातील प्रसंगांचे चिंतन केले जाते. पूर्ण माळेतील १५० प्रार्थना या १५० स्तोत्रांच्या जागी, निरक्षर भाविकांसाठी रूढ झाल्या, असे तिचे पारंपरिक स्पष्टीकरण आहे. २००२ मध्ये दुसरे पोप जॉन पॉल यांनी आणखी पाच प्रसंगांची भर घातली. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना मानला जातो.

उपवास: भस्म बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंतचा, रविवार वगळता चाळीस दिवसांचा काळ हा उपवासकाळ होय. कॅथलिक नियमानुसार भस्म बुधवार व शुभ शुक्रवार या दोन दिवशी १८ ते ५९ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींनी एकच पूर्ण भोजन घ्यावयाचे असते. त्याखेरीज दोन वेळा थोडे खाण्यास मुभा आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपवास बहुधा ऐच्छिक असतो. दोन्ही परंपरांत उपवासाची सांगड दानाशी घातली जाते. वाचलेले अन्न किंवा पैसा गरजूंपर्यंत पोहोचावा, अशी अपेक्षा असते.

क्रूसाची वाट: ख्रिस्ताच्या दुःखसहनातील चौदा प्रसंगांपुढे क्रमाने थांबून प्रार्थना करण्याचा हा आचार आहे. उपवासकाळातील शुक्रवारी तो केला जातो. चर्च नसलेल्या ठिकाणी चौदा साधे क्रूस उभारून किंवा चित्रे लावूनही तो करता येतो.

कीर्तन: ख्रिस्ती कीर्तनाची मांडणी नारदीय कीर्तनासारखी असते. नमनानंतर पूर्वरंगात एखाद्या वचनाचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान येते. उधळ्या पुत्र, योसेफ, रूथ यांच्या कथा आख्यानासाठी सोयीच्या ठरतात, कारण त्यांत घर, दुष्काळ, स्थलांतर आणि परतणे हे श्रोत्यांच्या ओळखीचे विषय आहेत. साथीला पेटी, तबला व टाळ असतात.

नांदेड व लातूर

नांदेड जिल्हा आणि आजचा लातूर जिल्हा हे भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा झाला. ब्रिटिश मुंबई इलाख्यात ख्रिस्ती शाळा व छापखाने जसे वाढले, तसे ते या भागात वाढले नाहीत. मराठवाड्यातील आरंभीच्या कार्यांपैकी रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे जालन्याचे कार्य आणि जालन्याजवळ त्यांनी वसवलेले बेथेल हे गाव प्रसिद्ध आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या १०,८०,०७३, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी होती. तिचा मोठा भाग मुंबई, वसई, पुणे या पट्ट्यात आहे. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच कमी आहे. मराठवाड्यातील कॅथलिकांसाठी १९७७ मध्ये अमरावतीपासून वेगळा औरंगाबाद धर्मप्रांत निर्माण झाला. प्रॉटेस्टंटांपैकी अनेक मंडळ्या १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये सामील झाल्या; मेथडिस्ट मंडळी स्वतंत्र राहिली.

वस्ती विरळ असली की एका पाळकाकडे किंवा फादरांकडे अनेक गावे येतात आणि प्रत्येक रविवारी प्रत्येक गावी प्रभुभोजन किंवा मिस्सा होणे कठीण जाते. अशा परिस्थितीत कौटुंबिक प्रार्थना, घरोघरच्या प्रार्थनासभा व भजन हे आचार केवळ पूरक राहत नाहीत. समाजाचे धार्मिक जीवन मुख्यतः त्यांवरच उभे राहते. पाठ असलेली दहा-बारा पदे आणि वाचता येणारी एक व्यक्ती एवढ्या भांडवलावर उपासना होऊ शकते.

या जिल्ह्यांचा सांस्कृतिक परिसरही भजन-कीर्तनाला अनुकूल आहे. नांदेडमध्ये 'कीर्तन' या शब्दाला एकाहून अधिक अर्थ आहेत. सचखंड गुरुद्वारातील गुरुबाणीचे गायन हे कीर्तन, वारकऱ्यांचे निरूपण हे कीर्तन आणि उमरी तालुक्यातील गोरठे येथे वास्तव्य केलेल्या संतकवी दासगणू महाराजांचे आख्यान हेही कीर्तनच. लातूर जिल्ह्यातील औसा येथील नाथ संस्थान चक्रीभजनासाठी ओळखले जाते. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. टाळ आणि पेटी घेऊन बसलेली ख्रिस्ती मंडळी म्हणूनच येथे परकी वाटत नाही. देगलूर, बिलोली, उदगीर हे तालुके तेलंगण व कर्नाटक यांच्या सीमेवर असल्याने मराठीबरोबरच तेलुगू व कन्नड भाषांचाही तेथे वावर आहे.

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. बायबलचा 'सुबोध बायबल' हा मराठी अनुवाद करणाऱ्या आणि 'सुवार्ता' या मासिकाचे संपादन केलेल्या या धर्मगुरूंची निवड मराठवाड्याच्या भूमीवरील संमेलनासाठी झाली, हे मराठी ख्रिस्ती परंपरेच्या दृष्टीने लक्षणीय ठरले.

मतभेद

देशी रूपांच्या स्वीकाराविषयी ख्रिस्ती समाजात एकमत नाही. १९६९ मध्ये रोमने भारतातील कॅथलिक उपासनेसाठी बारा अनुकूलनांना संमती दिली. मांडी घालून बसणे, अंजली, आरती आणि समई यांचा त्यांत समावेश होता. काही भाविकांना त्यांत हिंदू पूजाविधीचे अनुकरण दिसले, तर इतरांना ते आपल्याच मातीतील सहज आचार वाटले. फादर डिमेलो यांच्या काही मतांविषयी रोमच्या श्रद्धासिद्धान्त विभागाने १९९८ मध्ये सावधगिरीचे निवेदन काढले. तरीही त्यांच्या पुस्तकांचे वाचन थांबले नाही.

दुसरा आक्षेप सामाजिक स्वरूपाचा आहे. मराठी प्रॉटेस्टंट समाजातील बहुसंख्य कुटुंबे महार, मांग आदी जातींतून आलेली आहेत. गाजलेल्या कवींपैकी टिळकांसारखे काही मात्र ब्राह्मण कुळांतील होते. १९८१ मध्ये बंगळूर येथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातील व्याख्यानात अरविंद निर्मळ यांनी भारतीय ख्रिस्ती विचार उच्चवर्णीय परंपरेत अडकल्याची टीका केली आणि दलित ईशज्ञानाची मांडणी पुढे आली. या दृष्टीने पाहिल्यास आश्रम, संस्कृतप्रचुर प्रार्थना किंवा वेदान्ती ध्यान यांना 'भारतीय' म्हणताना कोणाचा भारत अभिप्रेत आहे, हा प्रश्न उरतो. याच्या उत्तरादाखल भजनाच्या परंपरेकडे बोट दाखवता येते. चोखामेळा, जनाबाई, तुकाराम यांच्या अभंगांतून ती श्रमकरी वर्गाच्या मुखी आधीपासून होती; त्यामुळे भजन व आश्रम यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

आधुनिक काळातील स्थिती

शिक्षण व नोकरीसाठी पुणे, मुंबई, हैदराबाद येथे होणारे स्थलांतर, इंग्रजी माध्यमाचा प्रसार आणि हिंदी-इंग्रजी उपासनागीतांची सहज उपलब्धता यांमुळे पाठांतरावर आधारलेल्या मराठी साधनेपुढे अडचण उभी राहिली आहे. पद पाठ असणे हा या परंपरेचा प्राण आहे. पडद्यावर शब्द दिसू लागले की गायन होते, परंतु ते घरी येत नाही. कीर्तनकाराची अडचण याहून मोठी आहे. शास्त्र, संगीत आणि निरूपण या तिन्हींची तयारी एका व्यक्तीत व्हावी लागते आणि त्यासाठी दीर्घ शिष्यत्व आवश्यक असते.

दुसऱ्या बाजूने, काही साधना आधुनिक जीवनक्रमाला सोयीच्या ठरतात. आत्मपरीक्षणाला पंधरा मिनिटे पुरतात, स्तोत्रवाचन प्रवासात करता येते आणि मौनाला कोणतेही साहित्य लागत नाही. भ्रमणध्वनीवर मराठी बायबल उपलब्ध झाल्याने दृष्टी मंदावलेल्या वृद्धांना मोठ्या अक्षरांत वाचणे किंवा ध्वनिरूपात ऐकणे शक्य झाले आहे. स्टीफन्स यांच्या काळी ग्रंथ ऐकण्यासाठी होता. चार शतकांनंतर श्रवणाची ती जुनी वाट वेगळ्या साधनाने पुन्हा खुली झाली आहे. मात्र एकट्याने कानाला लावून ऐकणे आणि चार माणसांत बसून ऐकणे यांत भेद आहे. मराठी परंपरेतील पुराणवाचन, भजन व कीर्तन ही तिन्ही रूपे दुसऱ्या प्रकारची आहेत. ती टिकणे हे लहान गावांतील चार-सहा कुटुंबांनी एकत्र बसण्याचा प्रघात चालू ठेवण्यावर अवलंबून आहे.